सारांशावर थांबू नका, सुत्ते वाचा

म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ विरक्त झाला आणि मध्यरात्री झोपलेल्या बायकोमुलाला सोडून निघून गेला, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्तात मात्र बुद्ध स्वतःच्या गृहत्यागाविषयी वेगळेच सांगतात. ऐन तारुण्यात, केस अजून काळेभोर असताना, आईवडिलांची इच्छा नसताना आणि ते रडत असताना आपण मुंडण करून काषाय वस्त्रे नेसलो, एवढेच त्यांचे कथन आहे. तिथे मध्यरात्र नाही, घोडा नाही, सारथीही नाही. चार दृश्यांची कथा दीघनिकायाच्या महापदान सुत्तात येते. पण ती विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची. धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात या जुन्या पुराव्याकडे मराठी वाचकाचे लक्ष वेधले. डॉ. आंबेडकरांनाही चार दृश्यांची उपपत्ती पटली नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेला तंटा हे गृहत्यागाचे कारण म्हणून मांडले. दोघांनीही प्रचलित कथा तपासून पाहिली. असे तपासणे सामान्य वाचकालाही जमण्यासारखे आहे, कारण त्यासाठी लागणारी सुत्ते आज भाषांतरात उपलब्ध आहेत.

जे चरित्राचे, तेच उपदेशाचे. कोणावरही विश्वास ठेवू नका, फक्त स्वतःच्या बुद्धीला पटेल ते माना, असा कालाम सुत्ताचा सारांश व्याख्यानांतून सर्रास सांगितला जातो. अंगुत्तरनिकायातले हे सुत्त अखंड वाचले की दिसते, केसपुत्त गावच्या कालामांना बुद्ध परंपरेवर आणि ग्रंथावर विसंबू नका म्हणतात, तसेच नुसत्या तर्कावरही विसंबू नका म्हणतात. लोभ, द्वेष आणि मोह यांतून माणसाचे भले होते की अहित, असे ते विचारतात, आणि शहाण्यांच्या निंदेचीही दखल घ्यायला सांगतात. म्हणजे कसोटी आहे ती आचरणाच्या परिणामांची. सारांशात स्वातंत्र्य उरले, जबाबदारी गळाली.

भाषांतर म्हणजे मूळ नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. त्यावर उपाय म्हणजे दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचणे. जिथे ती वेगळी पडतात तिथे अर्थ वादग्रस्त आहे, हे पाली न येणाऱ्यालाही कळते. सारांशात ती खूणसुद्धा मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही वचने कित्येक पिढ्या तोंडपाठ चालत आली आणि परंपरेनुसार इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत लिहिली गेली, मग ती बुद्धांचीच कशावरून? आंबेडकरांनीही या मौखिक परंपरेत विपर्यास शिरल्याचे सांगितले आणि बुद्धवचन पारखण्यासाठी विवेकाची व लोकहिताची कसोटी दिली. पण कसोटी लावायची तर समोर मजकूर हवा. राहिला कंटाळवाण्या पुनरुक्तीचा प्रश्न. ती पाठांतराच्या सोयीसाठी आहे हे ध्यानात घेतले, की तीच वाक्ये पुन्हा वाचताना कुठे काय बदलले याकडे लक्ष जाऊ लागते.

विहारात, वाचनालयात, घरी महिन्याला एक सुत्त घ्यावे. सुत्तनिपाताचे कोसंबींनी केलेले मराठी भाषांतर आरंभासाठी उत्तम आहे. सुत्त आधी अखंड वाचावे आणि मगच त्यावरचे भाष्य हाती घ्यावे.