उण्या-अधिकाचा रकाना

शनवाऱ्यात एका देवस्थानाचा उत्सवाचा हिशेब वाचला जात होता. दानपेटी दोनदा मोजली व दोन्ही वेळा आकडा निराळा आला, असे मोजणाऱ्या गृहस्थांनी सांगताच मंडळींनी त्यांना गप्प बसविले. वहीत एकच आकडा चढला. आपली शंका उघड करणारा मनुष्य विश्वासास कमी पात्र की अधिक, हा प्रश्न तेव्हापासून आम्हांस सोडीत नाही.

अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या विश्वकिरणांत इलेक्ट्रॉन शंभरांत जेमतेम एक. ते प्रथम १९६१ साली अमेरिकेत प्रत्यक्ष ओळखले गेले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॅनियल व स्टीफन्स यांनी १५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून अधिक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचे मापन १९६५ साली प्रसिद्ध केले. अशा मापनासाठी हैदराबादेहून फुगे उडवीत. ते स्थान चुंबकीय विषुववृत्ताजवळचे असल्याने पृथ्वीचे चुंबकत्व तेथे दुबळ्या कणांस परतवून लावते. परंतु फुगा कितीही उंच गेला तरी वर थोडी हवा उरतेच आणि त्या हवेतही इलेक्ट्रॉन उत्पन्न होतात. घरची माणसे पाहुण्यांत मोजली जाऊ नयेत म्हणून ती गणिताने वजा करावी लागतात. शिवाय ऊर्जा दसपट धरली की त्यावरील कणांची संख्या सुमारे शंभरपटीने घटते. नऊ कण सापडले तर शेजारी ‘तीन उणे-अधिक’ असे लिहावेच लागते.

ही केवळ टापटीप नव्हे. इलेक्ट्रॉन हलका, वाटेतील चुंबकक्षेत्रांत व प्रकाशात तो ऊर्जा गमावीत येतो, आणि जितका बलवान तितका लवकर रिता होतो. म्हणून अतिबलवान इलेक्ट्रॉन दुरून येऊच शकत नाही. त्याचा उगम, आकाशगंगेच्या मानाने, शेजारीच असला पाहिजे. ऊर्जापटाच्या त्या विरळ टोकाशी शंका लपविली, तर नसलेला शेजारी आकाशात उभा राहील! नामिबियातील दुर्बिणींनी २०२४ साली हे मापन ४० लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टांपर्यंत नेले. तेथेही प्रोटॉनांची भेसळ किती राहिली असेल, हा विचार करावाच लागला.

देवाच्या द्रव्यात शंका कशाला, असे कोणी म्हणेल. शंका देवाविषयी नाही, आमच्या बोटांविषयी आहे. मात्र ‘उणे-अधिक’ या शब्दाआड चोरीही लपू शकते, हा आक्षेप आम्हांस खरा वाटतो. म्हणूनच शास्त्रज्ञ नुसती चूक कबूल करून सुटत नाही. ती कोठून व किती आली हेही त्यास मांडावे लागते. आमच्या गृहस्थांस तेवढे बोलूच दिले नाही. यंदाही मोजावयास तेच बसणार आहेत. वही नवी आणली आहे; रकाना एकच आखला आहे.