क्षमाशील इस्त्री

पुण्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात दाढी करीत होतो. एका गालाला साबण आणि एका कानाला फोन अशा अवस्थेत माणसाला फारसे कळत नाही. त्यातून भाचा म्हणाला, "मामा, मला फर्गिव्हिंग आयर्न घ्यायच्यात. आठ दिवस डोकं चालत नाहीये. तुम्ही येताय ना पुण्याला? तुम्ही गणिताचे मास्तर, तुम्हीच निवडून द्या."

मी आत जाऊन हिला सांगितले, "त्याला इस्त्री घ्यायची आहे. क्षमाशील."

"क्षमाशील म्हणजे?"

"कपडा न जाळणारी असेल."

"मग आपल्यालाही एक आणा," ही म्हणाली. म्हणताना तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेत माझ्या हातून जळालेला तिचा मोतिया रंगाचा शालू स्पष्ट दिसत होता. शालू जळाल्याला एकवीस वर्षे झाली. आमच्या घरात क्षमेचा दर हा असा आहे.

पुण्याला गेल्यावर कळले की आयर्न म्हणजे इस्त्री नव्हे, गोल्फची काठी. ती एक नसून संच असतो. आमच्या हिंगोलीचा आणि गोल्फचा तसा काही संबंध नाही. इंग्रजांच्या काळी इथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. तिथल्या एखाद्या साहेबाने कयाधूच्या काठावर चेंडू टोलवला असेलही. पण तो चेंडू आम्हांला काही सापडलेला नाही. आमचा खेळ विटीदांडूचा. बाभळीची फांदी, घरातला कोयता आणि आईची नजर चुकवणे, एवढ्या भांडवलावर तो चाले.

मात्र गोल्फमधली एक गोष्ट मला लगेच समजली, ती म्हणजे हँडिकॅप. हे आपले लिंबूटिंबू! धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पण तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही. फरक इतकाच की आमचे लिंबूटिंबू वयावरून ठरे, त्यांचे हिशेबाने ठरते. २०२० पासून जगभर एकच पद्धत लागू झाली आहे. शेवटच्या वीस खेळांपैकी उत्तम आठ निवडायचे आणि त्यांवरून आकडा काढायचा. तो जास्तीत जास्त चोपन्न. आमच्या भाच्याचा आकडा चोवीस. म्हणजे साधारणपणे असे, की बहात्तर फटक्यांचे मैदान त्याने चांगल्या दिवशी शहाण्णव फटक्यांत संपवले, तर तो आपल्या लायकीप्रमाणे खेळला म्हणायचे. लायकी इतक्या सभ्यपणे सांगणारी दुसरी पद्धत मी पाहिलेली नाही. आमच्या प्रगतिपुस्तकात ती लाल शाईने सांगत.

दुकानात विक्रेत्याने आमच्यापुढे दोन काठ्या ठेवल्या. पहिली ब्लेड. डोके सडपातळ, पाठ सपाट, दिसायला एखाद्या कीर्तनकाराच्या चिपळीसारखी देखणी. चेंडू बरोबर मध्यावर बसला तर लोण्यातून सुरी. जरा इकडेतिकडे लागला तर डोके हातात फिरते, चेंडू भलतीकडे जातो आणि पुन्हा जवळच पडतो. दुसरी क्षमाशील. हिची पाठ पोखरलेली आणि पोखरून काढलेले वजन चहूबाजूंच्या कडांना नेलेले. कार्स्टन सोल्हाइम हा नॉर्वेत जन्मलेला अमेरिकन इंजिनिअर. हिरवळीवरचा नाजूक फटका त्याला काही केल्या जमेना. तेव्हा त्याने स्वतःला दोष देण्याऐवजी काठीला दिला आणि १९५९ साली वजन दोन्ही टोकांना विभागलेला पटर बनवला. पुढे हीच युक्ती त्याने आयर्नलाही लावली. डोंबाऱ्याची पोर दोरीवरून चालताना हातात लांब बांबू धरते, त्यातलेच हे शास्त्र. वजन दूर टोकांना असले की वस्तू सहजासहजी फिरत नाही.

विक्रेता बोलत होता आणि मी जुन्या सवयीने कागदावर टिपून घेत होतो. वीसच्या पुढे हँडिकॅप असेल तर काठीचा तळ रुंद घ्यावा, म्हणजे ती मातीत न रुतता गवतावरून सरकते. वजन खाली असावे, म्हणजे चेंडू आपण होऊन उचलला जातो. डोके दांड्यापेक्षा किंचित मागे असावे, म्हणजे ते सरळ व्हायला क्षणभर जास्त वेळ मिळतो. तीन आणि चार नंबरच्या लांब आयर्नच्या वाटेला जाऊ नये, त्यांच्याऐवजी जाड डोक्याच्या हायब्रिड घ्याव्यात. अंगात जोर बेताचा असेल तर दांडा पोलादाऐवजी हलक्या ग्रॅफाइटचा बरा. दहा ते वीसवाल्याने मधला मार्ग धरावा, थोडी क्षमा आणि थोडा ताबा. त्याच्या हातांना काही कळू लागलेले असते; ते सगळेच झाकून टाकले तर पुढचे शिकणे थांबते.

इथपर्यंत सगळे पटले. मग मी उगाच विचारले, "ही सात नंबरची काठी त्या सात नंबरपेक्षा लांब का मारते?" विक्रेता हसला. पूर्वी सात नंबरचा कोन पस्तीस अंशांच्या आसपास असे. आताच्या क्षमाशील संचांत तो अठ्ठावीस ते तीसवर आला आहे. म्हणजे काठी जवळजवळ जुन्या पाच नंबरची आणि तिच्यावर आकडा सातचा! गिऱ्हाइकाला वाटते, सात नंबरने आपण केवढे लांब मारले. माझ्यातला गणिताचा मास्तर ताडकन उठून बसला. ही क्षमा नव्हे, ही कॉपी!

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने मला सरावाच्या मैदानावर नेले. आधी त्याच्या मित्राची ब्लेड हातात दिली. विटीदांडूतला माझा लौकिक आठवून मी ती फिरवली. चेंडू काठीच्या टोकाला लागला आणि तळहातापासून कोपरापर्यंत अशी झिणझिणी गेली की मला आमच्या चौथीच्या गुरुजींची ओली फोक आठवली. चेंडू मात्र पंधरा पावलांवर बसून माझ्याकडे पाहत होता. मग क्षमाशील काठी घेतली. तोच मी, तेच वय, तोच वाकडा फटका. पण झिणझिणी नाही आणि चेंडू बराच लांब गेला. उजवीकडे गेला, पण गेला.

मी म्हणालो, "अरे, पण हे बरोबर आहे का? चूक माझी आणि हाताला पत्ता नाही? चूक झाली हे माणसाला कळायला नको?"

"कळतं की मामा. बघा ना, चेंडू कुठं गेलाय."

"मग क्षमा कसली?"

"वाईट फटका चांगला होत नाही, मामा. कमी वाईट होतो. तळ्यात जायचा तो गवतात पडतो. गवतातून पुढचा फटका तरी मारता येतो."

भाच्याने हे वाक्य चेंडू टीवर ठेवता ठेवता सहज उच्चारले. त्याला त्याचे काहीच नव्हते. मी मात्र मागच्या बाकावर जाऊन बसलो. उन्हाने दमलो असेन असे वाटून त्याने पाणी आणून दिले.

मला १९८४ साल आठवत होते. तेव्हा आमचा जिल्हा परभणी. हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला तो पुढे १ मे १९९९ ला. एका तालुक्याच्या शाळेत मी नववीला गणित शिकवीत होतो. छडी मी कधी वापरली नाही, याचा मला फार अभिमान होता. माझी छडी लाल शाईची होती. उत्तर बरोबर तर पूर्ण गुण, चूक तर शून्य. रीत बरोबर असून शेवटच्या ओळीत हातचा विसरला तरी शून्य. गणितात दयामाया नसते, हे माझे आवडते वाक्य. वार्षिक परीक्षेत एका मुलाला तेहतीस गुण पडले. हवे होते पस्तीस. बाकी विषयांत तो पास होता. सवलतीचे गुण देण्याची नियमात सोय होती, मुख्याध्यापकांनी मला विचारलेही. मी म्हणालो, "तेहतीस म्हणजे तेहतीस." मुलगा नापास झाला. त्याच्या बापाने त्याला शाळेतून काढला आणि कामाला लावला. जूनमध्ये हजेरी घेताना त्याचे नाव दोन दिवस पुकारले, तिसऱ्या दिवशी खोडले.

माझे गणित चुकले नव्हते. तेहतीस हे खरोखर तेहतीसच होते. चाळीस वर्षे मी या एका वाक्याच्या आधारावर निवांत झोपत आलो. त्या बाकावर बसल्यावर पहिल्यांदा लक्षात आले, की प्रश्न चूक मोजण्याचा नव्हताच. चूक दोन गुणांची होती आणि शिक्षा आख्ख्या शाळेची. ब्लेडचा दोष हाच. ती चूक दाखवते याबद्दल तक्रार नाही. बोटभर चुकीला ती कोसभर दंड करते. आणि ज्याला पुढचा फटकाच मारता येत नाही, त्याला चूक कळून तरी उपयोग काय?

उलट बाजूही आहे. क्षमा करायची म्हणून तेहतीसचे पस्तीस लिहिले असते, तर ती सात नंबरची काठी झाली असती. आकडा तसाच ठेवून 'तेहतीस अधिक दोन' असे लिहायला मला कोणी अडवले नव्हते. हँडिकॅपवाले नेमके हेच करतात. शहाण्णवचे शहाण्णव लिहून घेतात, वर खेळणाऱ्याची सही घेतात आणि मग चोवीस वजा करतात. खोटे न बोलता दया करता येते, ही गोष्ट एका चेंडूच्या खेळाला कळली आणि बी.एस्सी. बी.एड. झालेल्या मला कळली नाही.

हिंगोलीला परतल्यावर आठ दिवसांनी वसमतला एका लग्नाला निघालो. एस.टी. औंढ्यावरून जाते. औंढा नागनाथचे शिखर दिसले की मी सवयीने हात जोडतो. या खेपेला नामदेव आठवले. त्यांचे जन्मगाव म्हणून मानले जाणारे नरसी आमच्याच जिल्ह्यात. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. निकाल बरोबर होता. पण कच्चे ठरलेले मडके कोणी फोडून टाकले नाही. ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले आणि पक्के झाले. पुढे याच देवळासमोर कीर्तन करताना पुजाऱ्यांनी नामदेवांना मागच्या बाजूला घालवले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, असे सांगतात. एवढे दगडी देऊळ वळू शकते, तिथे माझी लाल शाई दोन गुणांनी वळली नाही!

याच औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही वेधशाळा होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी दोन हजार सहाशे कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू आणि प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक टिपण्याची ताकद. मला वाटे, जगात काडीची क्षमा न करणारे यंत्र असेल तर हेच. पण या वेधशाळांतले चाळीस किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीने टांगतात, रस्त्यावरच्या ट्रकचा आणि जमिनीचा धक्का त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून. बारीकसारीक हादरे पोटात घातल्याशिवाय दूरच्या ताऱ्यांची हाक ऐकू येत नाही. अचूकपणा आणि क्षमा यांचे भांडण आहे, अशी माझी जन्मभराची समजूत होती. त्यांचे तर एकाच घरात नांदणे चालू आहे.

लग्न आटोपल्यावर बाजारात हळद घ्यायला गेलो. वसमतची हळद म्हणजे विचारायलाच नको. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. एक किलो मागितली. तराजूमागचा पंचावन्न-छप्पन्नचा माणूस माझ्याकडे पाहत राहिला.

"वळखलं नाही नं, सर?"

मी ओळखले नव्हते. पण कोण असणार ते मला कसे कोण जाणे, कळले होते.

"तेहतीस," तो म्हणाला आणि मोकळेपणाने हसला. "बसा की सर. चहा सांगतो."

मला पुष्कळ बोलायचे होते. ते सगळे गिळून मी एवढेच म्हणालो, "मी दोन गुण द्यायला हवे होते."

तो थोडा वेळ काट्याकडे पाहत राहिला. "हां," तो म्हणाला, "द्यायला पाहिजे होते." आणि मग पोराला चहाची हाक घातली.

'असू द्या हो सर' असे तो म्हणाला असता तर मला बरे वाटले असते. पण ती सात नंबरची काठी झाली असती. त्याने आकडा तसाच ठेवला आणि चहा पाजला.

घरी आल्यावर हिने पुडी हातात घेतली आणि काट्यावर टाकली.

"अहो, ही सव्वा किलो भरतेय. पैसे किती दिले?"

"किलोचे."

"मग चुकला वाटतं दुकानदार मोजायला."

"तो नाही चुकायचा," मी म्हणालो. "गणितात तेहतीस होते त्याला."