लाल प्लस कुणाचा?

बोदवडमध्ये दवाखाना शोधायला पाटी वाचावी लागत नाही. लाल प्लस दिसला की झालं. मेडिकलच्या शटरवर, लॅबच्या बोर्डावर, डॉक्टरांच्या गाडीच्या काचेवर, सगळीकडे तोच. पण पांढऱ्यावर लाल असा क्रॉस केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय लावणं १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्यानं गुन्हा आहे. दंड पाचशे रुपयांपर्यंत. एवढ्याशा दंडाला कोण भितो? मला प्रश्न पडतो तो वेगळाच : नुसतं चिन्ह वापरल्यानं आपण कुणाचं काही घेतो का?

आधी हा क्रॉस आला कुठून ते बघू. मध्ययुगीन युरोपात सरदारांच्या ढालींवर आणि झेंड्यांवर ओळखीची चिन्हं असत. क्रॉस त्यातलाच एक. ११८८ मध्ये तिसऱ्या धर्मयुद्धाची तयारी करताना ठरलं, की फ्रेंचांनी लाल क्रॉस लावायचा, इंग्रजांनी पांढरा आणि फ्लँडर्सवाल्यांनी हिरवा. धर्म एक, लढाई एक, तरी रंग वेगळे. म्हणजे क्रॉसचं काम होतं आपला कोण आणि परका कोण ते सांगणं.

१८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हेन्री ड्युनांनं हजारो जखमी बेवारस पडलेले पाहिले. त्यातून १८६४ चा जिनिव्हा करार झाला आणि पांढऱ्यावर लाल क्रॉस हे चिन्ह ठरलं. स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे केले की तो तयार होतो. रंगांबरोबर अर्थही उलटला. आता क्रॉस सांगू लागला, की हा जखमी कोणाचा ते विचारू नका, गोळी झाडू नका. स्विस क्रॉसचं माप ठरलेलं आहे : प्रत्येक भुजा रुंदीपेक्षा एक षष्ठांश लांब. रेड क्रॉसचं माप मात्र मुद्दाम ठरवलं नाही. क्रॉस मापात नव्हता म्हणून गोळी झाडली, अशी पळवाट कुणाला मिळू नये म्हणून.

आता दुसरी बाजू. वाचता न येणारी एखादी म्हातारी खेड्यावरून एस्टीनं बोदवडला येते आणि लाल प्लस बघून दवाखान्यात शिरते. शब्दाचा अर्थ वापरणारे ठरवतात, मग चिन्हाचा का नाही? तिचा काहीच हक्क नाही का? मला हा युक्तिवाद खरा वाटतो. बहुतेक चिन्हांच्या बाबतीत मी तो मान्यही करीन.

पण जळगावला सोनं घेताना माझी आई आधी हॉलमार्क बघते. तो शिक्का कुणीही मारू लागला तर आईच्या जुन्या पाटल्यांचं वजन घटणार नाही, त्यांच्यावरचा विश्वास घटेल. काही चिन्हांची किंमत ती कोण वापरत नाही यावरच उभी असते.

२००८ मध्ये कोलंबियाच्या सैन्यानं गोळी न झाडता १५ ओलीस सोडवले. त्या मोहिमेत एका सैनिकाच्या अंगावर रेड क्रॉसचं चिन्ह होतं, हे राष्ट्राध्यक्ष उरिबे यांनी नंतर कबूल केलं आणि माफी मागितली. पंधरा जीव वाचले, मग माफी कशाची? पुढच्या वेळी खरा मदतनीस जंगलात शिरेल, तेव्हा त्याच्या छातीवरच्या क्रॉसवर संशय घेतला जाईल, त्याची. त्या पंधरांच्या सुटकेत एक वाटा अशा माणसाचा खर्च झाला, ज्याला कुणी विचारलंच नव्हतं.

बोदवडच्या प्लसनं कुणी मरत नाही, हे खरं. पण घेतलं जातं ते असंच, थेंबाथेंबानं, आणि ज्याचं जातं तो समोर नसतो. म्हणून तुमच्या घरात कुणाचं मेडिकल असेल, तर पुढच्या वेळी पाटी रंगवताना प्लस हिरवा करायला सांगा. म्हातारी आठवडाभरात हिरवा ओळखायला शिकेल. बंदूक रोखलेल्या माणसाला मात्र लाल ओळखायला एक क्षणच मिळतो.