शोकसभेनंतरची सकाळ

राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो, त्याला आता चार वर्षे होतील. बदल्यांच्या निमित्ताने मध्य प्रदेशातील सहा-सात गावांचे पाणी प्यालो आणि अखेर मलाजखंडला, थोरल्या बंधूंनी बांधलेल्या घरात, स्थिरावलो. आमचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत वैनगंगेच्या काठाने इकडे आले, असे घरातील वडीलधारे सांगत. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून आमच्यासारख्या कुटुंबांची घरातली भाषा एक आणि कचेरीतली दुसरी. या व्यवस्थेची इतकी सवय झाली की घरातला माणूस आणि कचेरीतला माणूस हेही दोन वेगळे असू शकतात, यात काही खटकेनासे झाले. हे खटकायला हवे होते, ही जाणीव मला निवृत्तीनंतर आणि तीही चित्रपट पाहताना झाली. त्याविषयीच चार शब्द लिहीत आहे.

चित्रपटांचा मला तसा नाद नव्हता. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवीत. वर्षातून केव्हातरी मराठीचा क्रम लागे आणि त्या दुपारी आमच्या बैठकीत शेजारच्या दोन-तीन मराठी कुटुंबांची गर्दी होई. बंगाली वा मल्याळी चित्रपट लागला की मात्र मी वर्तमानपत्र उघडून बसे. निवृत्तीनंतर पहिल्याच दिवाळीत मुलगा आला आणि त्याने दूरचित्रवाणी संचाला इंटरनेट जोडून दिले. "बाबा, तुम्ही आता जग बघा," असे म्हणून तो पुण्याला परत गेला. प्रथम जुने मराठी चित्रपट पाहिले. पुढे इराणी, इटालियन, जपानी. खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी वाचताना सुरुवातीला डोळे शिणत. मी सौ.ला भराभर अर्थ सांगत असे. हळूहळू तिनेच मला थांबविले. "चेहऱ्यावरून कळतंय," ती म्हणाली.

चेहऱ्यावरून कळते, ही गोष्ट पस्तीस वर्षे कागद वाचणाऱ्याला नवीनच होती.

अकिरा कुरोसावा यांचा 'इकिरू' हा १९५२ सालचा जपानी चित्रपट. शीर्षकाचा अर्थ 'जगणे'. टॉलस्टॉय यांच्या 'इव्हान इलिचचा मृत्यू' या १८८६ मधील दीर्घकथेपासून त्याला प्रेरणा मिळाली. २०२२ मध्ये त्यावरून इंग्लंडमध्ये 'लिव्हिंग' हा चित्रपट निघाला, त्याची पटकथा काझुओ इशिगुरो यांची. मूळ चित्रपटाचा नायक वातानाबे हा नगरपालिकेतील एका विभागाचा प्रमुख. जवळजवळ तीस वर्षे तो समोरच्या कागदांवर शिक्के मारीत आला आहे. ताकाशी शिमुरा या अभिनेत्याने ही भूमिका अशी केली आहे की, त्या खांदे पाडून बसलेल्या माणसाला आपण कोणत्या तरी कचेरीत भेटून आलो आहोत असे वाटते. वस्तीतील काही बायका अर्ज घेऊन येतात. सांडपाण्याचे डबके बुजवून तेथे मुलांसाठी बाग करा, एवढेच त्यांचे मागणे. त्यांना या खात्यातून त्या खात्यात धाडले जाते. बांधकाम, उद्याने, आरोग्य असे करीत सारी नगरपालिका हिंडून त्या पुन्हा पहिल्याच खिडकीशी येतात.

हे दृश्य पाहून मी हसलो. सौ.ही हसली. आणि मग ती अगदी सहज म्हणाली, "तुमच्याकडेही असंच होतं ना?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. बऱ्याच वर्षांपूर्वीची एक बाई डोळ्यांसमोर आली. कचेरी कोणती, गाव कोणते, हे येथे गौण आहे. तिचा नवरा एका खात्यात चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी होता, तो वारला होता. कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण माझ्या मेजावर आले. एका कागदावर तिचे माहेरचे नाव होते, दुसऱ्यावर सासरचे. मी त्रुटी काढून नस्ती परत पाठविली. ती शपथपत्र घेऊन आली, तेव्हा जन्मतारखेतील तफावत माझ्या लक्षात आली. ती दुरुस्त करून आणली, तर छायाचित्र साक्षांकित नव्हते. तिन्ही हरकती नियमाला धरून होत्या. एकही खोटी नव्हती. परंतु तिन्ही पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आल्या असत्या. तेवढी पूर्ण नस्ती मी पहिल्या दिवशी वाचलीच नव्हती. पहिला दोष सापडला आणि माझे त्या दिवसाचे काम संपले. दर खेपेस ती अर्ध्या दिवसाचा बसचा प्रवास करून येई आणि दारातील बाकावर बसून राही. पुढे माझी बदली झाली. तिचे काम झाले की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. तो माझ्यापुरता नाही. आपल्या समाजात शासकीय नोकरी, बँक, शाळा आणि येथील ताम्रप्रकल्प यांतून निवृत्त झालेली माणसे घरोघरी आहेत. ज्या माणसासमोर बाकावर बसलेली जिवंत बाई पाहून माझे काळीज हलले नाही, त्याचेच डोळे सत्तर वर्षांपूर्वीच्या, परक्या भाषेतल्या, काल्पनिक बायका पाहून ओलावतात. मग त्या ओलाव्याचे मोल काय? ती करुणा आहे, की निवृत्तिवेतनासोबत मिळालेली चैन?

आपल्या रसशास्त्राने या प्रश्नाचा एक भाग फार पूर्वी ओळखला होता. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात शोक हा स्थायी भाव आणि करुण हा रस. प्रत्यक्ष जीवनातील शोक जाळतो, रंगभूमीवरचा शोक आस्वाद्य होतो. कारण तो माझा नसतो, तुझा नसतो, साधारण झालेला असतो. प्रेक्षकाला तेथे काही करावयाचे नसते. रामाने सीतेला वनात धाडले म्हणून कोणी प्रेक्षक रंगमंचावर धावून जात नाही. कलेचे हे मोठेपण आहे, पण नीतीच्या दृष्टीने धोका येथेच आहे. ज्या दुःखाची जबाबदारी आपल्यावर नाही, त्यावर अश्रू ढाळणे सोपे आहे. मेजापुढे उभे असलेले दुःख काहीतरी मागत असते. पडद्यावरचे दुःख फक्त वेळ मागते, आणि निवृत्त माणसाजवळ तो पुष्कळ असतो.

माझे एक स्नेही सायंकाळी फिरायला सोबत असतात. तेही शासकीय सेवेतलेच. त्यांच्यापाशी हे बोललो, तेव्हा त्यांनी मला फैलावर घेतले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : नियम हे दुबळ्याचेच संरक्षण आहे. अधिकारी दयेने वागू लागला की ज्याचा चेहरा केविलवाणा, ज्याची जात-भाषा ओळखीची, त्याचे काम आधी होते. नियम आंधळा आहे म्हणूनच तो निःपक्षपाती आहे. लेखापरीक्षणात पैसे वसूल होतात, ते तुझ्या पगारातून होतात, कुरोसावाच्या नव्हे.

हा युक्तिवाद मला खोडता येत नाही आणि खोडू इच्छितही नाही. पण चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पोटाच्या कर्करोगाने मरण समोर दिसू लागल्यावर वातानाबे ती बाग पुरी करतो; मात्र त्यासाठी तो नियम मोडून कोणाला काही देत नाही. तो एवढेच करतो की तो कागद हातून सुटू देत नाही. त्या त्या खात्याच्या दारात जाऊन उभा राहतो. अपमान गिळतो, थांबतो, पुन्हा जातो. ज्या नियमांनी बायकांचा अर्ज वर्षभर फिरविला असता, त्याच नियमांतून तो बाग उभी करतो. नियम निष्ठुर नव्हता. त्याच्या आड बसणे निष्ठुर होते. माझ्या तीन हरकतींत दोष नियमाचा नव्हता. त्या तीन वेगवेगळ्या दिवशी निघाल्या, हा दोष माझा होता.

त्यानंतर मी असे चित्रपट मुद्दाम शोधू लागलो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ चा मराठी चित्रपट. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सन्मान मिळाला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरीही आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिला असेल? त्यातील लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने त्यांचे निधन झाले. एका शाहिरावर असंबद्ध आरोप ठेवला जातो आणि तारखांवर तारखा पडत राहतात, एवढेच कथानक. पण दिग्दर्शक वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या मागोमाग त्यांच्या घरी जातो. सरकारी वकील बाई मुलाला घेऊन घरी येतात, स्वयंपाक करतात, कुटुंबासह नाटकाला जातात. न्यायाधीश सुटीत नातलगांसह सहलीला जातात. त्यांच्यात कोणी खलपुरुष नाही. आपल्यासारखीच कुटुंबवत्सल, सुसंस्कृत माणसे आहेत ती, आणि शाहीर कोठडीत आहे. हा चित्रपट पाहताना मला पहिल्यांदा वाटले की कॅमेरा आपल्या बैठकीत आला आहे.

केन लोच यांचा 'आय, डॅनियल ब्लेक' हा २०१६ चा ब्रिटिश चित्रपट. न्यूकॅसल शहरातील प्रौढ सुतार हृदयविकाराने काम करू शकत नाही, असे डॉक्टर सांगतात. कार्यालय म्हणते, तो काम करण्यास पात्र आहे. आयुष्यभर करवत-पटाशी हाताळलेल्या त्या हाताला संगणकावर अर्ज भरायचा असतो. अपिलाच्या दिवशीच तो जातो. आणि आपल्या जवळचा म्हणावा तर २०२१ चा 'शेरनी'. त्याचे चित्रीकरण आपल्याच बालाघाट जिल्ह्याच्या अरण्यात झाले. कथेतील तांब्याची खाण वाघिणीची राष्ट्रीय उद्यानाकडे जाणारी वाट अडवून बसली आहे. भारतातील सर्वांत मोठ्या तांब्याच्या खाणीशेजारी घर असलेल्या मला ते पाहताना खुर्चीत नीट बसवेना. त्यातील वनाधिकारी बाई आपल्या अधिकारात जेवढे शक्य तेवढे करते, आणि तरी हरते. प्रामाणिकपणाला यश मिळतेच असे नाही, हे सांगण्याचे धाडस त्या चित्रपटात आहे.

हे चित्रपट दुर्लक्षित का राहतात, याचा विचार करताना मला माझ्या मेजावरचा ढीग आठवला. ज्या अर्जाच्या मागे शिफारस नसते, तो तळाशी जातो. ज्या चित्रपटाच्या मागे नट नाही, गाणे नाही, जाहिरात नाही, तोही तळाशी जातो. तो वर काढून शेवटपर्यंत पाहणे हा निदान अर्ज पूर्ण वाचण्याचा सराव आहे, अशी मी माझी समजूत घालीत होतो. परंतु ती समजूतही 'इकिरू'नेच टिकू दिली नाही.

त्या चित्रपटाची रचना विलक्षण आहे. नायक मध्येच मरतो आणि शेवटचा मोठा भाग त्याच्या शोकसभेचा आहे. सहकारी मद्य घेत बसले आहेत. बागेचे श्रेय उपनगराध्यक्ष आधीच घेऊन मोकळे झाले आहेत. रात्र चढते तसे एकेकाला आठवत जाते की हा माणूस कसा झटत होता. सगळे रडू लागतात. आम्हीही यापुढे असेच काम करू, अशा शपथा घेतात. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडते. एक अर्ज येतो आणि नवा विभागप्रमुख शांतपणे सांगतो, दुसऱ्या खात्याकडे जा. एकच तरुण कर्मचारी ताडकन उभा राहतो. सगळे त्याच्याकडे पाहतात. तो काही न बोलता हळूच खाली बसतो आणि कागदांच्या गठ्ठ्यांआड दिसेनासा होतो.

आपल्याकडे याला नाव आहे : स्मशानवैराग्य. चितेपाशी आलेले शहाणपण घरी येऊन आंघोळ होईपर्यंत टिकते. आपण प्रेक्षक म्हणजे त्या शोकसभेतली माणसे आहोत. चित्रपट संपताना डोळे पुसतो तो क्षण खरा असतो, त्यात ढोंग नसते. त्या कारकुनांच्या शपथांतही ढोंग नव्हते. कसोटी रात्रीची नाही, दुसऱ्या सकाळची आहे. आणि निवृत्त माणसाची अडचण अशी की त्याला ती सकाळ मिळतच नाही. त्याची कचेरी कायमची बंद झालेली असते.

अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी नोव्हेंबरात, निवृत्तिवेतनधारकांची हयातीची प्रमाणपत्रे देण्याच्या दिवसांत, शेजारचे एक वृद्ध गृहस्थ चिंतेत दिसले. आयुष्य दगडमातीत गेले होते, बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नव्हते. दोन फेऱ्या झाल्या होत्या. मला एकदम डॅनियल ब्लेक आठवला आणि त्याहून जास्त दारातल्या बाकावरची ती बाई आठवली. त्यांचे सर्व कागद घेऊन बसलो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. काय कमी आहे ते एकाच चिठ्ठीवर लिहिले आणि सोबत गेलो. चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आता झाली आहे. तिने काम झाले. फार तर दोन तासांचे काम. त्यानंतर आणखी काही जण आले. दर नोव्हेंबरात येतील.

यात थोरवी काही नाही. एका बाईच्या तीन फेऱ्या यातून परत येत नाहीत. उशिरा आलेल्या शहाणपणाने जुने देणे फिटते, असे मी म्हणणार नाही. ते तसेच राहते आणि राहावे. पण चित्रपट पाहणे ही निव्वळ चैन होती का, या प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर असे : ती रात्री चैनच असते. सकाळी दार वाजल्यावर आपण उठतो की नाही, यावर तिचे नाव बदलते.

सौ. हल्ली चित्रपट सुरू करण्यापूर्वी विचारते, "उद्या कोणाचे कागद आहेत का?" असतील, तर आम्ही लवकर झोपतो.