तोंड किती उघडतं?

सकाळी लवकर, प्लॅस्टिकच्या पिशवीत जाडजूड फाईल घेऊन विचुंबेतलं कुणी पनवेल स्टेशनकडे निघालं, की शेजारी फार चौकशी करत नाहीत. फॉलोअपला चाललेत, हे कळतं. लोकल पनवेलहून सुटली की खांदेश्वर, मानसरोवर, आणि तिसरं खारघर. तिथे टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे. परळचं मूळ रुग्णालय १९४१ सालचं. आपल्या पट्ट्यातल्या पेशंटला आता दर वेळी तिथवर जावं लागतंच असं नाही.

संध्याकाळी परत आल्यावर घरात प्रश्न एकच. रिपोर्ट काय? नॉर्मल. मग चहा, आणि वर कुणीतरी म्हणतंच, “जीव वाचला, आणखी काय पाहिजे?” बोलणाऱ्याचा हेतू धीर देण्याचाच असतो. पण त्यानंतर तक्रार करायची कशी? केली तर कृतघ्नपणा वाटतो.

तोंडाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या माणसाचं बघा. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, गाठ गेली. नंतर जबडा आखडत जातो. एरवी आपल्या तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावतात. याच्या तोंडात एक जेमतेम. शेकाने लाळ आटलेली, म्हणून भाकरी घशाखाली उतरत नाही, तिखटाची आग होते. हळूहळू तो लग्नाच्या पंगतीला जाणंच सोडतो, कारण चारचौघांत जेवताना ओघळ पुसत बसावं लागतं. फिजिओथेरपिस्टने लाकडी पट्ट्या दिलेल्या असतात: दातांमध्ये एकीवर एक ठेवायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. काही दिवस नेमाने होतं. मग दुखतं, कंटाळा येतो, पट्ट्या कपाटात जातात.

स्तनाच्या कॅन्सरनंतर काखेतल्या गाठी काढलेल्या बाईचा हात कधी कधी काही वर्षांनीही सुजतो. ब्लाउजची बाही घट्ट होते, बांगड्या चढत नाहीत. जड उचलू नका, असं डॉक्टर सांगतात. पाण्याची कळशी मग कोणी उचलायची, हे काही फाईलमध्ये लिहिलेलं नसतं. नवराबायकोत पडलेलं अंतर आणि तपासणीच्या आधी उडालेली झोप यांबद्दल तर ओपीडीच्या गर्दीत अवाक्षर निघत नाही.

हे मोजता येतं, आणि मोजतातही. जगण्याची प्रत तपासणारी तीस प्रश्नांची एक युरोपीय प्रश्नावली मराठीतही आहे. दमणूक, झोप, घरच्यांशी संबंध, आजारपणामुळे झालेली पैशांची ओढाताण, सगळं तीत येतं. आधाराच्या गरजा विचारणारी आणखी एक चौतीस प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिच्यात ‘ही अडचण मला नव्हतीच’ आणि ‘अडचण होती, पण मदत मिळाली’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. आपली माणसं पहिल्यावर खूण करून मोकळी होतात. मदत मिळू शकते हेच ठाऊक नसेल, तर गरज आहे असं तरी कोण म्हणेल? हे सोसण्याचं कौतुकही आपण जरा जास्तच करतो.

लहान मुलांच्या बाबतीत टाटा रुग्णालयाने हे लवकर ओळखलं. कॅन्सरमधून बरी झालेली मुलं मोठी होताना त्यांची वाढ, हृदय, शाळा आणि पुढचं आयुष्य यांच्याकडे लक्ष ठेवणारा वेगळा दवाखाना तिथे १९९१ मध्येच सुरू झाला. मोठ्यांच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा ओपीडीतली काही मिनिटंच येतात, आणि त्यांत डॉक्टरला आधी रोग परतला नाही ना, हेच बघावं लागतं. त्यात डॉक्टरचा दोष नाही.

गावात आशाताई तिशीपुढच्यांचा फॉर्म भरायला घरोघर येतात. तोंड उघडायला त्रास होतो का, आवाज बदललाय का, स्तनात गाठ लागते का, असे प्रश्न त्यात असतात. ते रोग शोधण्यासाठी आहेत. ज्याचा रोग सापडून, उपचारही होऊन गेले, त्याला हाच पहिला प्रश्न वेगळ्या कारणासाठी विचारता येईल: तोंड किती उघडतं, पट्ट्या चालू आहेत का, जेवण काय जातं? उत्तर फाईलच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं, तर पुढच्या खेपेला खारघरच्या डॉक्टरसमोर ते आपोआप उघडेल.