नऊची गाडी, तीनची हवा

एप्रिलच्या भर दुपारी वेताळ टेकडीवर सहसा कोणी जात नाही. गेल्या उन्हाळ्यात मी दोन-तीनदा मुद्दाम गेले. खाणीच्या काठावर उभे राहिले की शहर लख्ख दिसते. डिसेंबरातल्या सकाळी याच जागेवरून पाहावे तर इमारतींच्या माथ्यावर करडा-तपकिरी पट्टा तरंगत असतो, आणि तो बघून आपणच म्हणतो, काय ही पुण्याची हवा झाली! एप्रिलमध्ये तो पट्टा विरलेला असतो. आकाश निळे, ऊन पांढरेशुभ्र. कित्येक वर्षे मी या निळ्या आकाशावर विश्वास ठेवला. उन्हाळ्यात त्रास उकाड्याचा, हवेचा नव्हे, अशी माझी पक्की समजूत होती.

ती चुकीची होती. जमिनीलगतचा ओझोन डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला तयार व्हायला नेमके असेच ऊन लागते. पुण्यात तो पावसाळ्यात सर्वांत कमी असतो आणि मार्च ते मे या महिन्यांत सर्वांत जास्त. आकाश जितके मोकळे, तितके त्याचे काम सोपे.

ओझोन म्हटले की आपल्याला शाळेतले चित्र आठवते: पृथ्वीभोवतीची छत्री, तिला पडलेले भोक, १६ सप्टेंबरचा ओझोन दिन. ते सगळे खरे आहे, पण ती गोष्ट पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवरची. तोच वायू नाकाशी आला की श्वासनलिकेचे आतले अस्तर चुरचुरते, छाती आवळल्यासारखी होते, खोकला लागतो आणि दम्याच्या माणसाचा दमा उसळतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनी त्याला आठ तासांच्या सरासरीत घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. वरच्या ओझोनची आठवण मुलांना दर सप्टेंबरात करून दिली जाते. खालच्या ओझोनचा हंगाम येतो तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि मुले भर दुपारी मैदानात क्रिकेट खेळत असतात.

मला यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. कोणत्याही गाडीच्या सायलेन्सरमधून ओझोन बाहेर पडत नाही. बाहेर पडतात ते नायट्रोजनचे ऑक्साइड आणि अर्धवट जळलेल्या इंधनाची वाफ. सकाळी आठ-नऊला कर्वे रस्त्यावर, विद्यापीठ चौकात, मगरपट्ट्याच्या पुलाखाली आपण हे दोन्ही सोडून निघून जातो. ते हवेत राहतात. अकरा-बाराला ऊन चढते, नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू फुटतो, त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा एकटा अणू शेजारच्या ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो आणि ओझोन होतो. इंधनाची वाफ हे चक्र फिरते ठेवते, म्हणून तो साठत जातो आणि दुपारी दोन-चारच्या सुमारास कळसाला पोचतो. तोवर आपण कचेरीत, बंद काचांच्या आत असतो. गाडी पार्किंगमध्ये, पीयूसीचे प्रमाणपत्र डिकीत. त्या तपासणीत पेट्रोलच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, तेही गाडी जागेवर उभी असताना. नायट्रोजनच्या ऑक्साइडची त्यात मोजणीच होत नाही.

हे कोडे पहिल्यांदा सुटले ते लॉस एंजेलिसमध्ये. १९४३ च्या जुलैत तिथे असे धुरके पसरले की लोकांना शत्रूने विषारी वायू सोडल्याची शंका आली. पुढे आरी हागेन-स्मित हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ त्याच्या मागे लागले. त्याआधी ते अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. मोटारींच्या धुराचे घटक आणि सूर्यप्रकाश एकत्र आले की ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५२ च्या सुमारास दाखवून दिले. मोटार कंपन्या आणि तेल कंपन्या ते बराच काळ मानायला तयार नव्हत्या. मला त्या कंपन्यांपेक्षा सामान्य मोटारवाल्यांचे मन अधिक ओळखीचे वाटते. माझ्या गाडीतून जे निघतच नाही त्याला मी जबाबदार कसा? प्रश्न प्रामाणिक आहे. आपण जबाबदारी नेहमी डोळ्यांसमोरच्या धुरावरून ठरवतो. काळा धूर ओकणाऱ्या टेम्पोला शिव्या घालतो आणि आपली नवी गाडी स्वच्छ समजतो.

त्यात रसायनाचा आणखी एक पेच आहे. गाड्यांच्या ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खातो. म्हणून भर गर्दीच्या रस्त्यावर ओझोन बऱ्याचदा कमी भरतो आणि शहराच्या कडेला, वारा जिकडे वाहतो तिकडे, जास्त. उन्हाळ्यात पुण्याचा दुपारनंतरचा वारा पश्चिमेकडून येतो. कोथरूड, पेठा, कॅम्प ओलांडून तो हडपसर, मांजरी, लोणी काळभोरकडे जातो. तिकडे पालेभाजीचे वाफे आहेत, ऊस आहे, द्राक्षबागा आहेत, इमारतींच्या बांधकामावर उन्हात काम करणारे मजूर आहेत. ज्यांनी सकाळी हिंजवडीला जाण्यासाठी गाडी काढली नाही, त्यांच्या वाट्याला ती हवा येते.

ओझोन पिकांनाही सोडत नाही. तो पानाच्या छिद्रांतून आत शिरतो आणि पानाची अन्न तयार करण्याची ताकद कमी करतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतरांच्या साथीने २०१४ मध्ये देशापुरता हिशेब मांडला होता. २००५ या एका वर्षात ओझोनमुळे सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ हातचा गेला आणि तेवढ्या धान्यात सुमारे ९ कोटी ४० लाख गरिबांचे पोट भरले असते, असा तो अंदाज. पुण्याच्याच एका संस्थेने काढलेला हा आकडा पुण्यातल्या किती घरांत ठाऊक असेल?

इथवर आले की बोट आपसूक गाडीकडे वळते. पण पुण्यातल्या दुचाकीबद्दल वरवरचे बोलणे मला जमणार नाही. माझे वडील सायकलवाल्या पुण्याचे. कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघायचा, अंधारात दिवा नसला की पोलीस अडवायचा, डबलसीट दिसले की मागच्याला उतरवायचा. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि कायनेटिकची लूनाही आली. या टू-स्ट्रोक गाड्यांच्या इंजिनातून इंधनाचा काही भाग न जळताच बाहेर जायचा. आम्ही मात्र त्यांच्याकडे सुटकेचे साधन म्हणून पाहिले आणि ते खोटे नव्हते. माझ्या आईच्या पिढीतल्या बायकांना लूनाने नोकरी टिकवू दिली. मला स्कूटीने रात्री साडेनऊचा क्लास संपवून एकटीने घरी येऊ दिले. ‘गाडी’ हा शब्द पुण्यात बहुधा दुचाकीसाठीच वापरतात. २०१८ मध्ये शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली, म्हणजे तेव्हाच्या अंदाजे ३५ लाख लोकसंख्येच्याही पुढे. तेव्हा बातमी वाचून सगळ्यांना धक्का बसला. मला तो आकडा लाखो छोट्या, रास्त निर्णयांची बेरीज वाटतो. बेरीज चुकीची आली म्हणून त्यातला प्रत्येक निर्णय चुकीचा ठरत नाही.

तरीही सगळे निर्णय एकसारखे नसतात. माझ्या स्वतःच्या फेऱ्या एकदा आठवडाभर वहीत लिहून काढल्या. कचेरीच्या फेऱ्या सोडल्या तर बाकी जवळपास सगळ्या दोन-अडीच किलोमीटरच्या आतल्या निघाल्या: दूध, औषधे, मुलीला क्लासला सोडणे, बँक, मंडई. या छोट्या फेऱ्याच हवेला महाग पडतात. सायलेन्सरमधला विषारी वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारा उत्प्रेरक अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. गाडी तापेपर्यंत आपण दुकानात पोचलेलो असतो. वर, उन्हात लावलेल्या जुन्या गाडीची टाकी तापली की पेट्रोलची वाफ निघत राहते, गाडी बंद असली तरी. म्हणजे लांबचे जाणे बदलता येत नसेल तरी जवळचे जाणे बदलण्यात खूप हाताला लागते. पाय किंवा सायकल यांचा खरा उपयोग तिथे आहे, आणि नेमका तिथेच आपण आळस करतो. मीही करत होते.

स्कार्फबद्दलही बोलायला हवे. पुण्यातल्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळून गाडी चालवतात. बाहेरगावचे लोक त्याकडे आश्चर्याने पाहतात. मीही वीस वर्षे तो बांधला. ऊन आणि धूळ तो बऱ्यापैकी अडवतो, पण वायूला कापडाचे काय? ओझोन त्या विणीतून सरळ आत येतो. चष्मा, मास्क, स्कार्फ, गाडीच्या काचा, घरचे एअर प्युरिफायर अशी आपली सगळी बुद्धी स्वतःपुरती हवा वेगळी काढण्यात खर्च होते. उन्हाळ्यातली दुपारची हवा मात्र वेगळी काढता येत नाही. ती सगळ्यांची मिळून एकच आहे.

मग लोकांनी गाड्या कमी वापरल्या तर खरोखर फरक पडतो का? १९९६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी अटलांटा शहराने सतरा दिवस वाहतुकीला आळा घातला. जादा बस, कचेऱ्यांच्या बदललेल्या वेळा, मध्यवर्ती भागात मोटारबंदी. सकाळच्या गर्दीतली वाहतूक २२ टक्क्यांहून जास्त उतरली, ओझोनचा कळस सुमारे २८ टक्के खाली आला आणि सरकारी आरोग्य विम्याच्या नोंदींत मुलांचा दमा उसळण्याचे प्रसंग ४० टक्क्यांहून जास्त घटले. २००१ मध्ये ही मांडणी छापून आली तेव्हा जगभर तिचा दाखला दिला गेला. नंतरच्या अभ्यासकांनी लक्षात आणून दिले की त्या दिवसांत आसपासच्या इतर शहरांतही ओझोन उतरला होता. म्हणजे बरेचसे श्रेय हवामानाचे. २०२० च्या टाळेबंदीतही अनेक शहरांत नायट्रोजनचे ऑक्साइड झपाट्याने घटले, पण ओझोन त्या मानाने उतरला नाही, काही ठिकाणी वाढलाही. त्याला खाणारा नायट्रिक ऑक्साइड कमी झाला होता ना.

हे वाचून माझ्या ओळखीचा एक अभियंता म्हणाला, मग कशाला धडपड? मला त्याचे म्हणणे पटत नाही. रसायन सांगते की अर्धामुर्धा, चार दिवसांचा, एकाच घटकाला धरून केलेला उपाय पुरत नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधनाची वाफ दोन्ही, मोठ्या भागात आणि कायमची कमी व्हावी लागतात. चालणे, सायकल, विजेची बस, मेट्रो यांत रस्त्यावर दोन्ही एकदम वाचतात. नुसती नवी पेट्रोल गाडी घेऊन ते साधत नाही.

या शहराने प्रयत्न केले नाहीत असेही नाही. देशातला पहिला बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, २००६ च्या डिसेंबरात कात्रज, स्वारगेट, हडपसर असा इथेच सुरू झाला. २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, भाड्याच्या पिवळ्या-केशरी सायकली औंधला आणि विद्यापीठात दिसू लागल्या. काही काळाने त्या नाहीशा झाल्या आणि २०२३ मध्ये नगर रस्त्यावरचा बीआरटीही उखडला गेला. ६ मार्च २०२२ ला मेट्रो सुरू झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये ती जमिनीखालून स्वारगेटपर्यंत पोचली. मेट्रोचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण घरापासून स्थानकापर्यंतचा दीड किलोमीटर पदपथ तुटलेला, सावली नसलेला असेल, तर माणूस गाडी काढणारच, आणि एकदा गाडी काढली की ती स्थानकावर न थांबता थेट कचेरीपर्यंत जाते. १०० मीटर सलग पदपथ आणि त्याच्यावरची झाडांची ओळ यांचा हवेशी थेट संबंध आहे, हे माझ्या मते अजून कोणी ठासून बोलत नाही.

पूर्वसूचनेचेही तसेच. पाषाणच्या संस्थेने २०१३ पासून पुण्यासाठी ‘सफर’ ही हवेच्या अंदाजाची व्यवस्था चालवली आहे. उद्याची हवा आज सांगता येत असेल तर एप्रिल-मेमधल्या कडक उन्हाच्या, पडलेल्या वाऱ्याच्या दिवसांसाठी कचेऱ्यांनी घरून काम, शहराने फुकट बस असे काही का ठरवू नये? सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास वीस वर्षांपूर्वी अशा दिवशी बस-रेल्वे फुकट ठेवून पाहिली होती. इथे पावसाचा इशारा आला की शाळा बंद होतात. उन्हातल्या हवेचा इशारा मात्र कोणाच्या दिनक्रमात शिरत नाही.

मी जवळच्या फेऱ्यांसाठी गाडी काढणे बंद केले आहे. पेट्रोल भरायचेच झाले तर ऊन उतरल्यावर भरते. कचेरीला आठवड्यातले तीन दिवस बसने आणि मेट्रोने जाते. उरलेले दोन दिवस मुलीच्या वेळा जुळत नाहीत. सायकल चालवते ती सकाळी लवकर, तेव्हा ओझोन सर्वांत कमी असतो.

संध्याकाळी पाचच्या सुमारास आमच्या कोथरूडच्या गॅलरीत वारा सुटतो. दिवसभर त्याची वाट पाहिलेली असते. सासूबाई खुर्ची बाहेर काढतात, शेजारच्या काकूंची हाक येते, सुटला बाई एकदाचा! मलाही तो हवाच असतो. पण आता तो अंगावर आला की मी हिशेब करू लागते: ताशी पंधरा किलोमीटरचा वारा धरला, तर मांजरीला पोचायला त्याला तासाहून थोडे जास्त लागेल. तेव्हा तिथे भाजीवाल्या मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या असतील.