अतिथिधर्म आणि समता

दारीं आलेल्या निराश्रितास थारा द्यावा, याविषयीं बहुधा कोणाचें दुमत नसतें. वादाला आरंभ होतो तो दुसऱ्या दिवसापासून. पाहुणा एक रात्र राहणार असेल तर त्याला ओसरी पुरते. पण तो कायमचा राहणार असेल, तर घरांत त्याची जागा कोणती, आणि त्याच्यासाठीं अंग आखडून कोणीं घ्यावयाचें, हे दोन प्रश्न टाळतां येत नाहींत. स्वीडन देशाचा अलीकडील इतिहास वाचतांना हेच प्रश्न पदोपदीं आठवतात.

पेर आल्बिन हान्सन यांनीं १९२८ सालीं तेथील पार्लमेंटांत ‘लोकगृहा’ची कल्पना मांडली. राष्ट्र हें एका चांगल्या कुटुंबासारखें असावें, त्यांत कोणी लाडका नसावा आणि कोणी सावत्रही नसावा, असा तिचा आशय होता. १९३२ सालीं ते मुख्य प्रधान झाले, आणि पुढील कित्येक वर्षांत त्यांच्या पक्षानें हें घर उभें केलें. कर जबर, पण शिक्षण, औषधपाणी व म्हातारपणाची तरतूद सर्वांना. मात्र या घरांतील माणसें बहुतांशीं एका भाषेचीं व एका वळणाचीं होतीं. आपण ज्याच्यासाठीं कर भरतों तो आपल्यासारखाच आहे, हा विश्वास त्या व्यवस्थेच्या पायाशीं होता. परंतु जो आपल्यासारखा आहे त्यालाच समान मानणें हें आप्तप्रेम झालें. समतेची खरी कसोटी परक्याच्या ठिकाणींच लागते.

ती कसोटी २०१५ सालीं लागली. एक कोटीहून किंचित् कमी वस्तीच्या या देशांत त्या एका वर्षीं सुमारे १,६३,००० लोकांनीं आश्रय मागितला. त्यांत सीरिया, अफगाणिस्तान व इराक येथून आलेले पुष्कळ होते. नोव्हेंबर महिन्यांत सरकारनें दार अर्धें लोटून घेतलें, आणि २०२१ च्या कायद्यानें मुदतीचा परवाना हाच सामान्य नियम ठरला. या माघारीस कोणी निर्दयता म्हणतात, तर कोणी शहाणपण. परंतु दोन्ही पक्षांची दृष्टि दाराकडेच लागलेली असते. घराच्या आंतील रचनेकडे ते क्वचित् वळतात.

ती रचना काय सांगते? १९६५ ते १९७४ या काळांत सरकारनें सुमारे दहा लक्ष घरें बांधविलीं. स्टॉकहोमचें रिंकेबी व माल्मोचें रोसेनगोर्ड या वस्त्या त्याच काळच्या. ज्यांची ऐपत वाढली तीं कुटुंबें अशा वस्त्यांतून हळूहळू बाहेर पडलीं, आणि त्यांच्या जागीं नवागत आले. १९९२ सालच्या सुधारणेनें शाळा निवडण्याची मुभा मिळाली व सरकारी पैसा मुलाच्या मागोमाग खासगी शाळेंतही जाऊं लागला. तिचा लाभ जाणत्या पालकांनीं अधिक घेतला. २००४ सालीं वारसाकर गेला, २००७ सालीं संपत्तिकर गेला. म्हणजे परका दारीं येत होता त्याच काळांत घरांतील थोरलीं भावंडें आपापल्या खोल्या निराळ्या करून घेत होतीं!

मग आतिथ्याचा भार कोणावर पडला? सोदरतेल्ये हें सुमारे ८०,००० वस्तीचें शहर. अमेरिका व कॅनडा या दोन्ही देशांनीं मिळून घेतले नाहींत इतके इराकी निर्वासित आमच्या एका गांवानें घेतले, असें त्याच्या नगराध्यक्षांनीं २००८ सालीं वॉशिंग्टनला जाऊन सांगितलें. उलट कित्येक सधन उपनगरांनीं आपला वाटा उचलण्यांत हात आखडता घेतला, आणि अखेर २०१६ सालीं प्रत्येक नगरपालिकेवर तो कायद्यानें लादावा लागला. औदार्याचीं भाषणें एकानें करावयाचीं आणि गर्दीची शाळा दुसऱ्याच्या मुलानें सोसावयाची, याला आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.

नवागतांचीही बाजू निर्दोष नाहीं, असा आक्षेप येईल. कांहीं वस्त्यांतील टोळ्यांच्या गोळीबारांनीं देश हादरला आहे, हें खरें. भाषा शिकणें, कायदा पाळणें, कष्ट करणें हीं त्यांचीं कर्तव्यें निःसंशय आहेत. पण येथेंच खरा पेंच आहे. स्वीडनमध्यें किमान वेतनाचा कायदा नाहीं. कामगारसंघ व मालक आपसांत वेतन ठरवितात, आणि तें इतकें चांगलें असतें कीं अल्पशिक्षिताला काम देणें मालकास परवडत नाहीं. नवागतासाठीं वेतन उतरवावें, तर घरांत एक नोकरवर्ग निर्माण होतो. न उतरवावें, तर तो वर्षानुवर्षें उंबरठ्यावरच बसून राहतो. या पेंचांतून एकच प्रामाणिक वाट दिसते: त्याला शिकवून वर आणावयाचें, आणि त्याचा खर्च ज्यांच्यापाशीं अधिक आहे त्यांनीं अधिक द्यावयाचा.

किती जणांना घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार घराला आहे. आपली शक्ति ओळखणें हें पाप नव्हे. परंतु ज्याला एकदां आंत घेतलें त्याच्याकडून मुलाचीं कर्तव्यें मागून त्याला वाटा मात्र सावत्राचा देणें, हा अधिकार कोणत्याही घराला नाहीं. नवागत आमच्याशीं एकजीव कां होत नाहींत, असें स्वीडनमध्यें आज पुष्कळ लोक विचारतात. तें घर स्वतः कितपत एकजीव उरलें आहे, हा प्रश्न त्यांनीं आधीं आपल्या भावंडांस विचारला पाहिजे.